हार्ट-लंग मशीनमध्ये कोणतं फ्लुइड भरायचं? प्राइमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मोठ्या माणसांच्या ओपन हार्ट ऑपरेशनबद्दल आहे, लहान मुलांचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही. परफ्युजन (म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणं) शिकणारी मुलं, अ‍ॅनेस्थेशियाचे रेसिडेंट, आयसीयूतल्या सिस्टर आणि बरेचदा पेशंटचे नातेवाईक पण तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एका जागी लिहून ठेवलंय. तुमच्या पेशंटसाठी नक्की काय वापरायचं ते सर्जन, अ‍ॅनेस्थेटिस्ट आणि परफ्युजनिस्ट मिळून ठरवतील, इथे फक्त त्यामागचा विचार आहे.

प्राइम म्हणजे काय, आणि ते लागतंच कशाला?

हृदय थांबवून ऑपरेशन करायचं तर तेवढा वेळ रक्त फिरवायचं आणि त्यात ऑक्सिजन भरायचं काम मशीन करतं. मशीन म्हणजे नळ्या, रेझरवॉयर (रक्त साठायची टाकी), ऑक्सिजनेटर, हीट एक्स्चेंजर, फिल्टर, आणि हे सगळं सुरुवातीला रिकामं असतं म्हणजे हवेने भरलेलं असतं. ती हवा पेशंटच्या मेंदूत गेली तर स्ट्रोक होऊ शकतो, म्हणून पेशंटला जोडायच्या आधी अख्खं सर्किट फ्लुइडने भरायचं, फिरवायचं, टिचक्या मारून एकूण एक बुडबुडा काढायचा. त्याच्याही आधी सर्किटमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात, कारण तो हवेपेक्षा कितीतरी पटकन फ्लुइडमध्ये विरघळतो आणि बारीक बुडबुडे मागे राहत नाहीत.

हे भरलेलं फ्लुइड म्हणजे प्राइम. मोठ्यांच्या नेहमीच्या सर्किटला साधारण १ ते दीड लिटर लागतं, जुन्या मोठ्या सर्किटला २ लिटरपर्यंत. बायपास (म्हणजे रक्त हृदय-फुफ्फुसांऐवजी मशीनमधून फिरणं) सुरू झाला की काही मिनिटांत हे सगळं पेशंटच्या रक्तात मिसळून जातं.

पूर्वी मशीनमध्ये रक्तच भरायचे ना? मग ते बंद का केलं?

हो, भरायचे. १९५३ साली जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हार्ट-लंग मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, त्या काळात सर्किट दात्यांच्या ताज्या रक्तानेच भरायचे. एका ऑपरेशनसाठी कितीतरी दाते गोळा करावे लागायचे, आणि इतक्या जणांचं रक्त एकदम शरीरात गेल्यावर फुफ्फुसं बिघडणं, रक्तस्राव, रिअ‍ॅक्शन हे सगळं व्हायचं. १९६० च्या सुमारास ओक्लाहोमा सिटीत नाझीह झुह्दी यांनी रक्ताऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोज भरून मुद्दाम रक्त पातळ करायची पद्धत पुढे आणली आणि लोकांच्या लक्षात आलं की रक्त थोडं पातळ झालेलं शरीर सहन करतं, उलट थंड केलेल्या शरीरात पातळ रक्त जास्त सहज वाहतं. दुसऱ्याचं रक्त चढवून न घेणाऱ्या पेशंटची ऑपरेशनं त्यामुळेच शक्य झाली. पण "थोडं" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यावरच आहेत.

मग सगळ्यात चांगलं फ्लुइड कोणतं?

प्रश्न सगळे असाच विचारतात पण माझ्या मते आधी किती भरायचं ते ठरवावं आणि मग कोणतं ते बघावं. बाटलीवरच्या नावावर तासभर वाद घालणारे लोक सर्किटमधले फुकट जाणारे ४०० एमएल कमी करायचा विचार करत नाहीत, आणि बारीक अंगकाठीच्या पेशंटला खरा फरक तिथेच पडतो.

किती पातळ होणार ते आधी कसं काढायचं?

गणित सोपं आहे. पेशंटचं अंदाजे रक्त गुणिले त्याचा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का), भागिले रक्त अधिक प्राइम. पुरुषाला किलोमागे ७० एमएल आणि बाईला ६५ एमएल धरलं तर काम चालतं. खूप लठ्ठ पेशंटला हा आकडा कमी धरा, कारण चरबीत रक्त कमी असतं.

७० किलोचा पुरुष, हिमॅटोक्रिट ४०, रक्त ४९०० एमएल, प्राइम १४०० एमएल, तर बायपासवर साधारण ३१ येतो, म्हणजे काळजी नाही. आता ४५ किलोची बाई घ्या, हिमॅटोक्रिट ३३, रक्त २९२५ एमएल, तेच सर्किट, तेच १४०० एमएल, तर २२ येतो. आणि बायपासच्या आधी अ‍ॅनेस्थेशियाने सलाइन-आरएल (रिंगर लॅक्टेट) मिळून ५०० एमएल दिलेलं असेल आणि ते अजून रक्तातच असेल तर थेट २०. तेच प्राइम ९०० एमएलवर आणलं आणि आधीचं फ्लुइड आवरतं घेतलं तर २५ राहतो. पेशंट तीच, फ्लुइड तेच, फक्त एमएल बदलले.

म्हणून हे गणित केस सुरू व्हायच्या आधी, खरं तर आदल्या दिवशी करा. आणि अ‍ॅनेस्थेटिस्टशी बोला, कारण त्यांनी हाताला लावलेली बाटली पण तुमच्याच प्राइममध्ये जमा होते, आणि परफ्युजनिस्ट आणि ते एकमेकांना न विचारता आपापलं फ्लुइड देत राहतात हे फार ठिकाणी होतं.

हिमॅटोक्रिट २२ झाला तर काय बिघडलं? ऑक्सिजनेटर आहे की.

ऑक्सिजनेटर ऑक्सिजन भरतो, पण तो वाहून न्यायला हिमोग्लोबिन लागतं. बायपासवर दर मिनिटाला शरीराच्या दर चौरस मीटरमागे साधारण २७० ते २८० एमएल ऑक्सिजन पोचला पाहिजे, त्याखाली गेलं की ऑपरेशननंतर किडनीला इजा व्हायचं प्रमाण वाढतं असं बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलंय. वरच्याच बाईचं बघू. हिमॅटोक्रिट २२ म्हणजे हिमोग्लोबिन साधारण ७.४, फ्लो इंडेक्स (मिनिटाला शरीराच्या दर चौरस मीटरमागे किती लिटर रक्त) २.४ ठेवला तर विरघळलेला ऑक्सिजन धरून सुद्धा २५० च्या आसपास येतो, म्हणजे कमी. २५ हिमॅटोक्रिटला हाच आकडा २८० च्या वर जातो. किंवा हिमोग्लोबिन तेच ठेवून फ्लो इंडेक्स २.७ केला तरी तिथे पोचता येतं, म्हणून हिमॅटोक्रिट खाली दिसला की लगेच रक्ताची पिशवी मागवायच्या आधी फ्लो वाढवता येतो का ते बघा. किडनीचा मधला भाग आधीच कमी ऑक्सिजनवर चालतो त्यामुळे सगळ्यात आधी मार तिथे बसतो.

प्राइम कमी कसं करायचं?

पहिली गोष्ट नळ्या. अर्धा इंची नळीत मीटरमागे साधारण १२७ एमएल मावतं, तीन अष्टमांश इंचीत ७१ एमएल. म्हणजे पंप टेबलाजवळ सरकवून अर्धा इंची व्हीनस लाइन (पेशंटकडून मशीनकडे रक्त आणणारी नळी) एक मीटरने छोटी केली की सव्वाशे एमएल वाचले, काहीही खर्च न करता. व्हॅक्युम लावून व्हीनस ड्रेनेज घेत असाल तर रेझरवॉयर वर घेता येतो, नळी बारीक पण चालते. पेशंटच्या अंगाला शोभेल असा ऑक्सिजनेटर निवडा, ५० किलोच्या माणसाला सगळ्यात मोठा कशाला.

दुसरी गोष्ट रेट्रोग्रेड ऑटोलॉगस प्रायमिंग. कॅन्युला (पेशंटला मशीनशी जोडणाऱ्या नळ्या) टाकून झाल्यावर, बायपास सुरू करायच्या आधी, पेशंटचंच रक्त आर्टेरियल लाइनमधून (एरवी मशीनकडून पेशंटकडे रक्त नेणाऱ्या नळीतून) मागे सर्किटमध्ये येऊ द्यायचं आणि त्याने ढकललेलं प्राइम बाजूला पिशवीत काढून घ्यायचं. साधारण ३०० ते ६०० एमएल सहज निघतं. युरोपच्या २०१९ च्या अडल्ट बायपास गाइडलाइनमध्ये याची शिफारस सगळ्यात वरच्या दर्जाची आहे आणि तरी किती ठिकाणी ते केलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याला नवीन मशीन लागत नाही, दोन-तीन मिनिटं आणि टीमचं एकमेकांशी बोलणं लागतं. बीपी पडतं, तेव्हा अ‍ॅनेस्थेटिस्ट फेनिलेफ्रिनसारखं बीपी चढवणारं औषध हाताशी ठेवतात, आणि पडत राहिलं तर थांबायचं, जितकं निघालं तितकं निघालं. पेशंट आधीच अस्थिर असेल, मेन कोरोनरीचा मोठा ब्लॉक असून बीपी डगमगत असेल तर ओढाताण करू नये.

मिनी सर्किट (अगदी छोटं, बंद सर्किट) हा तिसरा मार्ग, पण त्याला वेगळा सराव लागतो आणि हवा आत आली तर सावरायला जागा कमी असते.

नॉर्मल सलाइन, आरएल की प्लाझ्मालाइट?

नॉर्मल सलाइन एकट्याने प्राइम म्हणून नको. नावात नॉर्मल असलं तरी त्यात सोडियम १५४ आणि क्लोराइड पण १५४ आहे, रक्तात क्लोराइड १०० च्या आसपास असतं. दीड लिटर एकदम गेल्यावर क्लोराइड चढतं, बेस एक्सेस खाली जातो (म्हणजे रक्त आम्लाकडे झुकतं), आणि मग एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) बघून कोणाला वाटतं फ्लो कमी पडतोय. लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की हे रक्तात वाढतं) नॉर्मल आहे आणि क्लोराइड वाढलंय तर तो सलाइनचा अ‍ॅसिडोसिस असतो.

आरएलमध्ये सोडियम १३०, क्लोराइड १०९, पोटॅशियम ४, लॅक्टेट २८ आणि थोडं कॅल्शियम. हे थोडं हायपोटॉनिक आहे, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) रक्तापेक्षा कमी, म्हणून बरेच जण त्यात थोडं सोडाबायकार्ब आणि मॅनिटॉल घालतात. सगळीकडे मिळतं, स्वस्त आहे, आणि नीट वापरलं तर चांगलं काम करतं. लिव्हर फार खराब असेल तर लॅक्टेट हळू साफ होतं, आणि बायपासवर लॅक्टेटचा आकडा वाचताना सुरुवातीची थोडी वाढ प्राइममुळे असू शकते हे डोक्यात ठेवा, पण ती पुढे वाढत गेली तर प्राइमवर ढकलू नका, पेशंटकडे बघा.

प्लाझ्मालाइटमध्ये सोडियम १४०, क्लोराइड ९८, पोटॅशियम ५, मॅग्नेशियम १.५, आणि लॅक्टेटऐवजी अ‍ॅसिटेट व ग्लुकोनेट. आकडे रक्ताच्या जास्त जवळचे, कॅल्शियम नाही त्यामुळे पिशवीतल्या रक्ताबरोबर भांडण नाही, म्हणजे ते गोठायची भीती नाही, फक्त पेशंटचं आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम खाली जातं ते नंतर बघावं लागतं. मिळत असेल तर मी हेच घेईन. पण आरएल वापरणाऱ्या टीमने अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही, या दोघांपैकी एकाने पेशंट जास्त जगतात असा ठोस पुरावा नाही.

किडनीच्या पेशंटला आरएल चालतं का? त्यात पोटॅशियम आहे ना?

चालतं. ४ पोटॅशियम असलेलं फ्लुइड घालून ५.५ पोटॅशियम असलेलं रक्त वर जाणार नाही, उलट थोडं खालीच येईल. सलाइनमध्ये पोटॅशियम शून्य म्हणून ते सुरक्षित वाटतं पण त्याच्या अ‍ॅसिडोसिसमुळे पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं. या पेशंटमध्ये खरा धोका कार्डिओप्लेजियातलं (हृदय थांबवायच्या सोल्युशनमधलं) आणि जुन्या रक्ताच्या पिशवीतलं पोटॅशियम हा असतो, तिकडे लक्ष ठेवा आणि हिमोफिल्टर (रक्तातलं पाणी आणि क्षार गाळून काढणारा फिल्टर) सर्किटमध्ये आधीच लावून ठेवा.

डेक्स्ट्रोज आता का नाही वापरत?

बायपासवर शुगर तशीही चढते, सगळ्यांचीच, डायबेटिस असो नसो. त्यात डेक्स्ट्रोज टाकलं तर ती अजून चढते, आणि साखर वापरली गेल्यावर मागे नुसतं पाणी उरतं, सोडियम पडतं, मेंदूला सूज यायचा धोका वाढतो.

अल्ब्युमिन घातलं तर पेशंट लवकर बरा होतो का?

यामागची कल्पना चांगली आहे. क्रिस्टलॉइडने (सलाइन-आरएलसारख्या क्षारांच्या पाण्याने) प्लाझ्मातली प्रोटीनं पातळ होतात, रक्तवाहिनीत पाणी धरून ठेवायची ताकद म्हणजे ऑन्कॉटिक प्रेशर जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं, आणि पाणी टिश्यूत झिरपतं. अल्ब्युमिन ते थोडं सावरतं. शिवाय ते नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागावर थर धरतं, त्यामुळे फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट प्लास्टिकला कमी चिकटतात. कागदावर सगळं पटतं.

पण हेलसिंकीत १३८६ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २०२२ मध्ये छापून आली, प्राइममध्ये आणि पुढच्या २४ तासांत एका गटाला ४ टक्के अल्ब्युमिन आणि दुसऱ्याला रिंगर अ‍ॅसिटेट. ९० दिवसांतल्या मोठ्या कॉम्प्लिकेशन्समध्ये फायदा दिसला नाही, आणि रक्तस्राव, छाती परत उघडायची वेळ येणं, इन्फेक्शन हे अल्ब्युमिनच्या गटात जास्त निघालं. म्हणून सरसकट प्रत्येकाला अल्ब्युमिन घालायला मी सांगणार नाही. पेशंटचं स्वतःचं अल्ब्युमिन खूप कमी असेल, पंप वेळ खूप लांबणार असेल, तेव्हा विचार करावा असं माझं मत. रक्त न घेणाऱ्या पेशंटला आधी विचारा, कारण अल्ब्युमिन माणसाच्या रक्तातूनच बनतं आणि काही जण ते घेतात, काही घेत नाहीत.

स्टार्च किंवा जिलेटिन?

अल्ब्युमिनसारखीच ही पण कोलॉइड, म्हणजे रक्तवाहिनीत पाणी धरून ठेवणारी फ्लुइड. स्टार्च नको. किडनीला इजा, रक्तस्राव, आयसीयूतल्या गंभीर पेशंटमध्ये जास्त मृत्यू, हे सगळं समोर आलंय. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये इशारा दिला, त्यात बायपासवरच्या ओपन हार्ट सर्जरीतल्या रक्तस्रावाचा वेगळा उल्लेख होता, २०२१ मध्ये तो इशारा अजून कडक केला, आणि युरोपात २०२२ मध्ये ही औषधं बाजारातून थांबवायचा निर्णय झाला. शेल्फवर जुनी बाटली शिल्लक आहे हे ती वापरायचं कारण होऊ शकत नाही.

जिलेटिन अजून बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. ते काही तासांत लघवीवाटे निघून जातं, गोठण्यावर थोडा परिणाम करतं, आणि कोलॉइडमध्ये अ‍ॅलर्जीची गंभीर रिअ‍ॅक्शन यात जास्त दिसते. ते गायीगुरांच्या कोलॅजेनपासून बनतं, म्हणून लाल मांसाची अ‍ॅलर्जी असलेल्याला किंवा धार्मिक कारणाने नको असणाऱ्याला आधी विचारलंच पाहिजे, बेशुद्ध असताना त्याला सांगता येणार नाही.

प्राइममध्ये अजून काय काय घालतात?

हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घालतातच, बहुतेक ठिकाणी ५ ते १० हजार युनिट, हे पेशंटला दिलेल्या डोसच्या वर. सोडाबायकार्ब पीएच जागेवर आणायला, पण आरएलमध्ये कॅल्शियम आहे म्हणून भसकन ओतू नका, फिरत्या प्राइममध्ये हळूहळू सोडा. अँटिबायोटिक प्राइममध्ये घालत असाल तर सेफ्ट्रायक्झोन आणि आरएल कधीही एकत्र नको, कॅल्शियमबरोबर त्याचे कण बनतात.

मॅनिटॉल जवळजवळ सवयीने घातलं जातं. लघवी वाढते हे खरं, पण लघवी वाढली म्हणजे किडनी वाचली असं नाही. आधीच किडनी मंदावलेल्या पेशंटमध्ये सुद्धा तपासून झालंय, फायदा दिसला नाही. घालणार असाल तर बाटलीत खडे झालेत का ते उजेडात बघा, २० टक्के मॅनिटॉल थंड खोलीत खडे धरतं.

स्टिरॉइड सगळ्यांना नको. २०१५ मध्ये ७५०७ पेशंटच्या ट्रायलमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोनने मृत्यू कमी झाले नाहीत.

मोठ्या माणसाच्या प्राइममध्ये रक्त कधी घालायचं?

सगळं कमी करून झाल्यावर सुद्धा गणितात हिमॅटोक्रिट फारच खाली येत असेल, तेव्हा. बारीक, अ‍ॅनिमिक, इमर्जन्सीत आलेला पेशंट. ठरलेली केस असेल तर आधी काही आठवडे आयर्न देऊन हिमोग्लोबिन वाढवणं हे कुठल्याही प्राइमपेक्षा चांगलं. पिशवीतल्या रक्तात सायट्रेट असतं (ते कॅल्शियम बांधून ठेवतं), म्हणून हेपॅरिन आधी घाला, आयोनाइज्ड कॅल्शियम तपासा आणि जुनी पिशवी असेल तर पोटॅशियम बघा, वेळ असेल तर सेल सेव्हरमधून (रक्तपेशी धुणाऱ्या मशीनमधून) धुऊन घ्या.

कार्डिओप्लेजिया या हिशोबात धरायचा का?

धरायचाच, आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. डेल निडो या प्रकारात चार भाग क्रिस्टलॉइड आणि एक भाग रक्त, म्हणजे १ लिटरच्या डोसमध्ये ८०० एमएल पाणीच. एचटीके हा दुसरा प्रकार दीड-दोन लिटर जातो आणि त्यात सोडियम फक्त १५ आहे, त्यामुळे रक्तातलं सोडियम धाडकन पडतं. तेव्हा घाबरून हायपरटॉनिक सलाइन लावू नका, त्या सोल्युशनची ऑस्मोलॅलिटी नॉर्मलच असते, हिस्टिडिन आणि मॅनिटॉलमुळे. सोडियम हळूहळू आपोआप वर येतं, जबरदस्तीने भरभर वर आणलं तर मेंदूला धोका. शक्य असेल तर एचटीके राइट एट्रियममधून बाहेर सक्शनने काढून टाकतात, सर्किटमध्ये येऊच देत नाहीत.

पंपवर गेल्या गेल्या बीपी का पडतं?

रक्त पातळ झालं की चिकटपणा कमी होतो आणि रक्तवाहिन्यांमधला अडथळा कमी होतो, शिवाय शरीराची स्वतःची अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्यं पण पातळ होतात. फ्लो पूर्ण असेल तर काही मिनिटांत सावरतं. तिथे लगेच अजून ५०० एमएल ओतणं ही सगळ्यात सोपी आणि बरेचदा चुकीची गोष्ट, कारण ते अजून पातळ करतं आणि बीपी परत पडतं.

जास्त झालेलं पाणी हिमोफिल्टरने काढलं की झालं ना?

काही प्रमाणात हो, हिमॅटोक्रिट वर येतो. पण आधी ओतायचं, मग काढायचं, मग रेझरवॉयर खाली गेला म्हणून परत ओतायचं या चक्रात किडनीचं भलं होत नाही, आणि खूप जास्त काढल्याने सुद्धा किडनीला इजा वाढते असं दिसलंय. आधी कमी घालणं बरं.

ऑपरेशननंतर आमच्या आईचा चेहरा आणि हात सुजलेत, वजन वाढलंय, काही चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. प्राइम, कार्डिओप्लेजिया आणि आयसीयूतलं फ्लुइड मिळून काही लिटर होतात, आणि बायपासमुळे अंगभर सूज यायची प्रक्रिया होते त्यात बारीक रक्तवाहिन्या काही काळ गळक्या होतात. किडनी चालू असेल तर पुढच्या काही दिवसांत लघवीवाटे हे पाणी जातं, डॉक्टर त्यासाठी लॅसिक्ससारखं औषध देतात, आणि म्हणूनच सिस्टर रोज वजन आणि लघवीचं माप घेतात. श्वास लागतोय, लघवी कमी होतेय, किंवा सूज एकाच पायाला आहे, तर लगेच सांगा, थांबू नका.

शेवटी सर्किटमध्ये जे उरतं ते फेकायचं का?

अजिबात नाही, ते पेशंटचं रक्त आहे. सेल सेव्हरमधून धुऊन परत दिलं तर पेशी घट्ट होऊन मिळतात आणि हेपॅरिन निघून जातं, पण प्लाझ्मा आणि प्लेटलेट जातात. तसंच पिशवीत भरून दिलं तर प्लाझ्मा राहतो, मात्र त्यातलं हेपॅरिन पण पेशंटच्या अंगात जातं, म्हणून एसीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) बघून थोडं प्रोटामिन (हेपॅरिन उतरवणारं औषध) लागू शकतं. वॉल्व्हचं ऑपरेशन सोपं होतं, किडनी चांगली, रक्तस्राव नाही, तर दोन्ही चालतं. पेशंट पाण्याने आधीच भरलेला असेल तर धुऊनच द्या. आणि सर्जनने कॅन्युला काढल्यावर सर्किट मोडायची घाई करू नका, छाती बंद होईपर्यंत आर्टेरियल लाइन भरलेली ठेवा, परत पंपवर जायची वेळ आली तर नव्याने प्राइम करायला वेळ नसतो.